कपाशीत कामगंध सापळे कसे लावायचे आणि रोज सकाळी त्यात काय बघायचं

पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, पाते म्हणजे फुलाआधीच्या बारीक कळ्या लागायला सुरुवात झाली की दरवर्षी मला फोन यायला लागतात, भाऊ सापळे तर आणले, आता कुठं टांगू, किती टांगू, ती रबराची गोळी कशी बसवू. आणि सप्टेंबरच्या शेवटी त्यातल्याच काही लोकांचे परत फोन येतात की सापळे लावले तरी बोंडात गुलाबी बोंडअळी निघाली, म्हणजे हे सगळं बेकार आहे, पैसे पाण्यात गेले. बेकार नाही हो. एकच गोष्ट राहून जाते, ती म्हणजे सापळा अळी मारण्यासाठी नसतो, सापळा बातमी आणण्यासाठी असतो आणि ती बातमी रोज सकाळी वावरात जाऊन वाचावी लागते. टांगून घरी आलात आणि पंधरा दिवस तिकडं फिरकलाच नाही तर तो सापळा म्हणजे न उघडलेलं पत्र आहे. म्हणून या वेळी फोनवर तुकड्या तुकड्यात सांगण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून काढतोय, वेळ काढून पूर्ण वाचा.

मी हिंगणघाटकडचा, घरची सहा एकर कपाशी. २०१७ चा हंगाम आमच्या बाजूचा कुणीच विसरणार नाही. बाहेरून बोंड हिरवंगार, टणक, देखणं आणि फोडलं की आत गुलाबी अळी. वेचणीच्या बाया ओंजळीत कापूस घ्यायच्या आणि तसाच खाली टाकायच्या कारण तो कापूस नव्हताच, नुसती पिवळी पडलेली कवडी होती. लोकांनी घाबरून औषधावर औषध मारलं, दोन-तीन औषधं एकत्र करून मारली, आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर जिवानिशी गेले. तेव्हापासून मी हे सापळ्यांचं काम मनावर घेतलं. पंप पाठीवर कधी घ्यायचा आणि कधी नाही हे सापळा सांगतो, ते ऐकायला शिकलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आधी वासाचं काम समजून घ्या

याच्याशिवाय पुढचं काहीच नीट जमणार नाही, त्यामुळं हा भाग गाळू नका.

गुलाबी बोंडअळीचा पतंग दिवसा दिसत नाही, पानाखाली, जमिनीच्या भेगेत, कचऱ्यात लपून बसतो. रात्री, जास्त करून मध्यरात्रीनंतर, मादी झाडावर एका जागी बसते आणि पोटाच्या शेवटच्या टोकातून एक बारीक ग्रंथी बाहेर काढून त्यातून वास सोडते. तो वास इतका कमी की आपल्या नाकाला कळायचा प्रश्नच नाही, पण नराच्या मिशांवर त्याच वासासाठी बनलेले बारीक केस असतात. हवेत तो वास धुरासारखा पसरत नाही, तुटक तुटक धाग्यांसारखा वाहत येतो. नराला धागा सापडला की तो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं उडतो, धागा सुटला की डावी-उजवीकडं नागमोडी फिरून परत शोधतो, असं करत करत मादीपर्यंत येतो. आवाज नाही, उजेड नाही, काळोख्या रात्री अख्खी सोयरीक वासावर जुळते.

आणि प्रत्येक जातीचा वास वेगळा. गुलाबी बोंडअळीच्या मादीचा वास म्हणजे दोन रसायनांचं निम्मं-निम्मं मिश्रण आहे, दोन्ही जुळ्या भावांसारखी, फक्त एका ठिकाणी रेणूचं वळण वेगळं. शास्त्रज्ञांनासुद्धा हे लगेच सापडलं नव्हतं बरं का, १९६६ साली एक रसायन हेच ते म्हणून पुढं आलं होतं पण शेतात नर त्याच्याकडं फिरकेनात, खरं मिश्रण १९७३ साली ओळखलं गेलं आणि त्याला गॉसिप्ल्युअर नाव पडलं. तुमच्या सापळ्यातल्या गोळीत हेच भरलेलं असतं. म्हणजे गोळी ही खोटी मादी आहे, रात्रभर एका जागी बसून हाक मारणारी.

अशा वासाला फेरोमोन म्हणतात, आपल्याकडं कामगंध. शब्द १९५९ सालचा, आणि त्याच वर्षी जर्मनीत बुटेनांट नावाच्या शास्त्रज्ञानं रेशमाच्या पतंगाचा कामगंध ओळखून दाखवला, त्यासाठी सुमारे पाच लाख माद्या लागल्या आणि हाती आलं ते काही मिलिग्रॅम. आता हेच काम कारखान्यात होतं आणि आपल्याला थोडक्या पैशात गोळी मिळते.

जनावरांच्या या भाषेत आश्चर्यं फार आहेत, एक-दोन सांगतोच. आशियाई हत्तीण माजावर आली की तिच्या मुतात एक रसायन येतं, तेच रसायन कितीतरी जातींच्या पतंगांच्या माद्यासुद्धा वापरतात, एवढा मोठा हत्ती आणि चिमूटभर पतंग, अक्षर तेच. आणि आमच्या चंद्रपूरकडच्या जंगलात वाघ झाडाच्या बुंध्यावर शेपटी वर करून जो फवारा मारून जातो त्यात बासमतीच्या सुवासाचं रसायन असतं, आंबेमोहोर शिजताना घरभर जो वास सुटतो त्यातही तेच. वाघ त्यानं सांगतो ही हद्द माझी आहे, पतंगाची मादी सांगते मी इथं आहे. आपलं काम एवढंच की आपल्या पिकात कोण काय सांगतंय ते वेळेत कळावं.

सापळा घेताना

कपाशीसाठी सगळ्यात सोयीचा म्हणजे नरसाळ्याचा सापळा. वर टोपी, टोपीच्या मधोमध गोळी अडकवायची जागा, खाली नरसाळं आणि नरसाळ्याला लांब प्लास्टिकची पिशवी. नर गोळीभोवती घिरट्या घालून दमतो, नरसाळ्यात पडतो, तिथून पिशवीत जातो आणि मग त्याला वर यायला जमत नाही. दुसरा प्रकार म्हणजे त्रिकोणी, आत चिकट कागद असतो. तोही चांगला आहे पण आपल्याकडं धूळ आणि पाऊस दोन्हीमुळं कागदाचा चिकटपणा लवकर जातो, शिवाय पतंग चिकटून चोळामोळा झाले की मोजताना ओळखू येत नाहीत. माझं मत विचाराल तर नरसाळंच घ्या.

गोळी घेताना मात्र डोळ्यात तेल घाला. पाकिटावर गुलाबी बोंडअळी किंवा पेक्टिनोफोरा, म्हणजे तिचं शास्त्रीय नाव, असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. एका वर्षी मला दुकानातून हिरव्या बोंडअळीच्या, म्हणजे घाटेअळीच्या गोळ्या दिल्या गेल्या. रंग तोच, आकार तोच, मी पाकीट न वाचता लावल्या आणि बारा दिवस सापळे जवळपास रिकामे बघून खूश होतो की यंदा पतंगच नाहीत. तेराव्या दिवशी फुलं बघितली तर डोमकळ्या, म्हणजे अळीनं आतून बांधलेली, न उमललेली फुलं. वर सांगितलं ना, प्रत्येक जातीचा वास वेगळा, घाटेअळीच्या मादीची हाक गुलाबीच्या नराला ऐकूच येत नाही. तेव्हा पाकीट वाचा, बनवल्याची आणि संपायची तारीख बघा आणि दुकानात उन्हात किंवा औषधांच्या डब्यांमध्ये पडलेलं पाकीट घेऊ नका.

घरी आणल्यावर न वापरलेल्या गोळ्या सीलबंद पाकिटात फ्रिजमध्ये ठेवा, डब्यात घालून ठेवल्या तर घरच्यांचीही तक्रार राहत नाही. उघडी गोळी बाहेर ठेवली की वास उडतच राहतो, मग ती सापळ्यात जायच्या आधीच निम्मी संपलेली असते.

लावायचे कसे

पेरणीपासून साधारण ४५ दिवसांनी, म्हणजे पाते दिसायला लागताच लावा. जूनच्या मध्याला पेरलं असेल तर ऑगस्टचा पहिला आठवडा उजाडायच्या आत सापळे वावरात उभे पाहिजेत. फुलं लागल्यावर लावू म्हणून थांबू नका, पहिली पिढी तिथंच निसटते.

फक्त नजर ठेवायची असेल तर एकरी २ सापळे, म्हणजे हेक्टरी ५. पतंग जास्तीत जास्त पकडायचे असतील तर एकरी ८, त्याबद्दल पुढं बोलतो.

जागा निवडताना अगदी धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लावू नका, थोडं आत घ्या, आणि दोन सापळ्यांत चांगलं अंतर ठेवा, एकरी २ लावत असाल तर ५० मीटरच्या आसपास. जवळजवळ लावले तर दोघांचे वास एकमेकांत मिसळतात आणि कोणत्या सापळ्याचा आकडा खरा ते कळत नाही. मोठ्या झाडाखाली, दाट तुरीच्या ओळीत, मोटारपंपाच्या लाईटजवळ लावू नका. वारा मोकळा खेळला पाहिजे कारण वास वाऱ्यावरच जाणार आहे, वारा अडला की हाक तिथंच विरते.

उंची हा सगळ्यात जास्त चुकणारा भाग आहे. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा फूट-दीड फूट वर पाहिजे. ऑगस्टमध्ये पऱ्हाटी मांडीएवढी असते तेव्हा आपण बरोबर बांधतो, मग पीक छातीला लागतं आणि सापळा पानांत बुडून जातो, आणि आकडा खाली येतो तर माणसाला वाटतं पतंग कमी झाले. म्हणून बांबू सुरुवातीलाच उंच घ्या, सहा-सात फुटांचा, आणि सापळा तारेनं बांधा म्हणजे दर पंधरा दिवसांनी वर सरकवता येतो. बांबूला खाली वीतभर ग्रीस फासा, नाहीतर मुंग्या चढतात आणि पिशवीतले पतंग खाऊन नुसते पंख ठेवतात. मुंगीचंही तेच, एकीला खाणं सापडलं की ती परतताना पोटाचं टोक जमिनीला टेकवत वासाची वाट आखत येते आणि बाकीच्या त्याच वाटेनं रांगेत जातात. ग्रीसनं ती वाट तुटते.

आता गोळी. हात साबणानं धुवा, कोरडे करा, खर्रा किंवा तंबाखू मळलेल्या हातानं, फवारणी केलेल्या हातानं गोळीला अजिबात शिवायचं नाही. प्लास्टिकचा हातमोजा किंवा स्वच्छ चिमटा वापरा, नसेल तर पाकिटाच्याच कागदात धरून बसवा. गोळी टोपीच्या मधल्या खाचेत उभी बसली पाहिजे, नरसाळ्यात पडता कामा नये. पिशवीचं खालचं टोक घट्ट गाठ मारून बंद करा, गाठ सुटी राहिली तर रात्री पकडलेले पतंग पहाटे खालून निघून जातात. नंतर टोपीवर मार्करनं तारीख लिहा. साध्या पेननं लिहिलं तर एका पावसात धुवून जातं.

गोळी किती दिवस चालते ते पाकिटावर लिहिलेलं असतं, साधारण तीन आठवडे धरून चला. मुदत झाली की जुनी काढून नवी घाला, जुनीच्या जोडीला नवी लावू नका. काढलेली गोळी वावरात फेकायची नाही, ती अजून थोडा वास सोडत असते आणि नर तिकडं भरकटतात, आणि सापळ्याचा आकडा खोटा पडतो. पिशवीत बांधून घरी आणा आणि लांब कुठं पुरून टाका.

रोज सकाळी

सकाळी ऊन चढायच्या आत जा. पिशवी सोडून पांढऱ्या कागदावर किंवा ताटलीत रिकामी करा. काही जिवंत असतील तर ते फडफडतात, आधी पिशवी वरून दाबून घ्या.

गुलाबी बोंडअळीचा पतंग ओळखायचा कसा ते नीट बघा. लहानसा असतो, पंख मिटलेले असताना जेमतेम एक सेंटीमीटर, तांदळाच्या लांब दाण्यापेक्षा थोडा मोठा. रंग राखट तपकिरी, पुढच्या पंखांवर गडद ठिपके आणि अस्पष्ट पट्टे, आणि मागच्या पंखांच्या कडेला बारीक केसांची झालर. बोटानं हळूच पंख सरकवला की ही झालर दिसते, ती एकदा बघितली की परत चूक होत नाही. बोटाला राखेसारखी भुकटी लागते. पिशवीत चिलटं, बारीक किडे, एखादा मोठा पतंगही सापडेल, ते मोजायचे नाहीत. नुसते पंख सापडले तर जोड्या लावून मोजा.

मग वही. मोबाईलमध्ये लिहा किंवा शाळेच्या वहीत, पण लिहा. तारीख, सापळा नंबर, पतंग किती, रात्री पाऊस होता का. पाऊस किंवा जोराचा वारा असलेल्या रात्री पतंग उडत नाहीत, आकडा शून्यावर येतो, तो शून्य खरा धरू नका.

आता हिशोब. समजा तीन एकर आहे, सहा सापळे. सोमवारी सगळे मिळून ३० पतंग, म्हणजे सापळ्याला ५. मंगळवारी ४४, म्हणजे ७ च्या वर. बुधवारी ५१, गुरुवारी ५६, शुक्रवारी ५०, या तिन्ही दिवशी सापळ्याला सरासरी ८ च्या वर गेले. सलग तीन रात्री सापळ्यामागं ८ ते १० पतंग म्हणजे आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली, आता हातपाय हलवायचे. एखाद्याच रात्री १५ आले आणि दुसऱ्या रात्री २, तर लगेच पंप काढू नका. आणि ४-५ वरच रेंगाळत असेल तर बघत राहा, फवारणीचे पैसे आणि जीव दोन्ही वाचतील.

ही घाई का, तर मादी अंडी घालते फुलांवर, पात्यांवर, बोंडाच्या देठाजवळच्या पाकळ्यांआड. तीन ते पाच दिवसांत अंड्यातून अळी निघते आणि ती बाहेर फिरत बसत नाही, थोड्याच वेळात बोंडात शिरते. शिरलेलं भोक बोंड वाढताना बुजून जातं. एकदा आत गेली की तुमचं कितीही महागडं औषध बोंडाच्या बाहेरच राहतं. सापळ्यात पतंग वाढले आणि अळी बोंडात गेली यांच्यामध्ये जो आठवडाभराचा वेळ आहे तेवढाच आपल्या हातात आहे, आणि तो वेळ सापळ्याशिवाय दुसरं कुणी दाखवत नाही.

सापळ्यावर एकट्यावर विसंबायचं नाही

शेजारचे काकाजी एकदा सापळ्याजवळ उभं राहून मला म्हणाले, "अरे पण याच्यात तर नुसते नर सापडतात, मादी मोकळीच राहिली नं? अंडी तर तीच घालते." प्रश्न अगदी बरोबर आहे. एक नर बऱ्याच माद्यांशी मिलन करू शकतो, त्यामुळं एकरी दोन सापळ्यांनी पन्नास नर धरले म्हणून माद्या थांबत नाहीत. म्हणूनच म्हणतो, दोन सापळे म्हणजे बातमीदार. काकाजींचा दुसरा प्रश्न होता की तुझ्या सापळ्यामुळं साऱ्या गावचे पतंग तुझ्याच वावरात येतील. आले तर नर येतील, नर अंडी घालत नाही, त्याची भीती नको.

आणखी एक गोष्ट. हंगामाच्या शेवटी वावरात खऱ्या माद्याच इतक्या होतात की त्यांच्या वासापुढं गोळीचा वास फिका पडतो आणि सापळ्यातला आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. म्हणून सापळ्यासोबत दोन तपासण्या करायच्याच.

पहिली, डोमकळी. अळी कळीत शिरली की पाकळ्या आतून जाळ्यानं बांधते, फूल उमलत नाही, गुलाबासारखं गच्च मिटून राहतं. ओळीतून चालताना अशी फुलं दिसली की तोडा, खिशात किंवा पिशवीत टाका आणि बांधावर न टाकता नष्ट करा. पोरांना सोबत घ्या, त्यांची नजर आपल्यापेक्षा पटकन जाते.

दुसरी, बोंड फोडणे. आठवड्यातून एकदा एकरातून वेगवेगळ्या झाडांवरची २० हिरवी बोंडं तोडा, साधारण दोन-तीन आठवड्यांची, दाबल्यावर थोडी लवणारी. बाहेरून बघून काही कळत नाही, फोडायचीच. आत सालीच्या बाजूला बारीक फोडासारखे उंचवटे, पाकळीच्या पडद्याला भोक किंवा पांढरी डोकं काळं असलेली बारीक अळी दिसली तर ते किडलेलं बोंड. अळी लहान असताना गुलाबी नसते, मोठी झाल्यावर गुलाबी पट्टे येतात, त्यामुळं पांढरी दिसली म्हणून सोडू नका. वीसात दोन किडली म्हणजे १० टक्के, तीसुद्धा नुकसानीची पातळीच.

वीस बोंडं तोडताना जीव तुटतो हे मला माहीत आहे. माझी आई अजूनही म्हणते, पोरा धरलेलं बोंड कशाला तोडतो. पण २०१७ ला न फोडलेल्या बोंडांनी काय दाखवलं ते तिनंही बघितलंय, आता विळी घेऊन तीच माझ्यासोबत बांधावर फोडायला बसते.

पातळी ओलांडली की काय करायचं

सुरुवातीचे दिवस असतील तर ५ टक्के निंबोळी अर्क आणि ट्रायकोकार्ड. ट्रायकोकार्डमधले बारीक गांधीलमाशीसारखे मित्रकीटक बोंडअळीच्या अंड्यातच आपली अंडी घालतात, पण कार्ड लावल्यावर लगेच रासायनिक औषध मारलं तर तेही मरतात, दोन्ही एकाच आठवड्यात करू नका. रासायनिक फवारणीची वेळ आली तर कोणतं औषध आणि किती, ते मी इथं लिहिणार नाही, दरवर्षी शिफारशी बदलतात. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात, अकोल्याच्या किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या लोकांना, नाहीतर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या सल्ल्यात बघा, आणि जाताना तुमची सापळ्याची वही घेऊन जा. आकडे समोर ठेवले की सांगणाऱ्यालाही नेमकं सांगता येतं. एका वेळी एकच औषध, आणि तोंडाला फडका, हातात मोजे, फवारा वाऱ्याच्या दिशेनंच मारायचा, उपाशीपोटी फवारायचं नाही. हे हात जोडून सांगतोय.

अमावस्येला पतंग जास्त अंडी घालतात म्हणून अमावस्या धरून फवारायची पद्धत बऱ्याच गावांत आहे. मी म्हणतो अमावस्या लक्षात ठेवा, त्या दिवसांत सापळा जास्त बारकाईनं बघा, पण पंप काढायचा तो सापळ्यातला आकडा आणि फोडलेली बोंडं बघूनच.

गाव एकत्र आलं तर

एकरी ८ सापळे लावून नर मोठ्या संख्येनं पकडायची पद्धत आहे, पण ती एकट्यानं केली तर फारसा फरक पडत नाही, कारण शेजारच्या वावरात मिलन झालेली मादी उडत तुमच्याकडं येते. सलग पन्नास-शंभर एकरांत सगळ्यांनी लावले तर गोष्ट वेगळी.

याहून पुढची पद्धत म्हणजे मिलनात गोंधळ घालायचा. गॉसिप्ल्युअर भरलेल्या बारीक दोऱ्या येतात, पीबी नॉट नावानं, त्या एकरी १६० च्या हिशोबानं झाडांच्या शेंड्याजवळ बांधायच्या. मग अख्ख्या शिवारात सगळीकडूनच मादीचा वास यायला लागतो, नराला खरी मादी कुठं आहे ते कळत नाही आणि तो रात्रभर फिरत राहतो. मिलन नाही तर अंडी नाहीत. यात औषध पाठीवर घ्यावं लागत नाही, मधमाशीला, ढालकिड्याला काही होत नाही. अमेरिकेनं बीटी कापूस, वांझ केलेले पतंग सोडणं आणि कामगंधाचा हा गोंधळ, असं सगळं वर्षानुवर्षं सोबत करून २०१८ मध्ये तिथल्या कापूस पट्ट्यातून ही अळी पूर्ण हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. आणि ही अळी पहिल्यांदा शास्त्रात नोंदली गेली ती आपल्याच देशातून, भडोचच्या कपाशीवरून, १८४३ साली. तिकडं जमलं ते इथं अगदी तसंच जमेल असं मी म्हणत नाही, आपली वावरं लहान, मालक अनेक, पेरणी पुढं-मागं. पण पन्नास एकरांच्या तुकड्यात दहा-बारा जण एकत्र आले तर सुरुवात नक्की होते, आमच्या शिवारात आम्ही नऊ जण आहोत.

हंगाम संपताना

डिसेंबरअखेर शेवटची वेचणी करून पऱ्हाटी उपटा, फरदडीचा, म्हणजे तेच पीक पुढं ठेवून परत कापूस घ्यायचा, मोह सोडा. दोन क्विंटल जास्तीच्या कापसासाठी अळीला पुढचे तीन महिने खायला ठेवणं परवडत नाही. शेवटच्या पिढीतल्या अळ्या जमिनीत, कवडीत आणि दोन सरक्या चिकटवून केलेल्या जोडसरकीत झोपून राहतात आणि पुढच्या पावसाळ्याच्या सुमाराला पतंग होऊन निघतात. तेव्हा वावरात कपाशीला पाते नसतील तर ते अंडी न घालताच मरतात, म्हणून मे महिन्यातली हंगामपूर्व लागवड नको.

सापळे काढताना पिशव्या फेकून द्या, टोप्या आणि नरसाळी साबणाच्या पाण्यानं धुवून सावलीत वाळवा आणि गोठ्यात टांगून ठेवा, पण औषधाच्या कपाटाजवळ नाही. सगळे मात्र काढू नका. दोन सापळे नवी गोळी घालून घराजवळ, जिथं कापूस साठवलाय तिथं लावा, आणि गावाजवळ जिनिंग असेल तर त्यांनाही सांगा, कारण जानेवारी ते एप्रिल कापसाच्या ढिगातून आणि सरकीतून पतंग निघतच असतात. गेल्या फेब्रुवारीत आमच्या वऱ्हांड्यात टांगलेल्या सापळ्यात एका रात्रीत ११ सापडले, वावरात तेव्हा एकही हिरवं झाड नव्हतं. तो आकडाही वहीत लिहिलाय, नव्या हंगामाच्या पहिल्या पानावर.